ऑनलाइन मिळणारी ‘पुरातन’ भिंतीवरची घड्याळे: अस्सल कोणते आणि नक्कल कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अँटिक’ असे लिहिलेले प्रत्येक घड्याळ जुने असते का?

नसते, आणि अनेकदा विक्रेत्यानेही तसे स्पष्ट म्हटलेले नसते. जाहिरातीचा मथळा ‘अँटिक घड्याळ’ असा असतो, पण खाली बारीक अक्षरांतल्या वर्णनात ‘अँटिक फिनिश’, ‘अँटिक लुक’, ‘विंटेज स्टाइल’ किंवा ‘हस्तकला’ असे शब्द असतात. या शब्दांचा अर्थ एवढाच की वस्तू नवी आहे आणि तिला जुनेपणाचा रंग दिलेला आहे. त्याच पानावर ‘शिल्लक नग १२’ असे दिसले तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळाचे एकसारखे बारा नग एकाच माणसाकडे असणे जवळजवळ अशक्य असते. छायाचित्र उचलून चित्रशोधात टाकले आणि तेच चित्र चार वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे आढळले, तरी निष्कर्ष तोच.

नवे सजावटी घड्याळ विकण्यात काहीच गैर नाही. मुरादाबादसारख्या ठिकाणी पितळेची सुबक नक्कल होते आणि ती नक्कल म्हणून विकली जाते, तेव्हा कोणाचीच फसवणूक होत नाही. तीच वस्तू ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून दसपट किमतीला पुढे विकली जाते तेव्हा तक्रारीला जागा निर्माण होते.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत खरोखर कोणती घड्याळे असत?

हे माहीत असले की अर्धे काम सोपे होते, कारण नक्कल बहुतेक वेळा याच नावांची केली जाते. वाड्यांत आणि चाळींत टांगलेली चावीची, लंबकाची, ठोके देणारी घड्याळे मुख्यतः जर्मन, अमेरिकन आणि जपानी होती. जर्मनांमध्ये गुस्टाव बेकर हे नाव सर्वांत जास्त घेतले जाते. हा कारखाना १८४७ मध्ये सायलेशियातील फ्रायबुर्ग येथे सुरू झाला आणि ते गाव आज पोलंडमध्ये आहे. श्राम्बर्ग गावातला युंगहान्स कारखाना १८६१ चा. आठ टोकांच्या ताऱ्यात ‘जे’ हे अक्षर ही त्याची खूण. त्याच गावातल्या हॅम्बुर्ग-अमेरिकन कंपनीच्या मशीनवर एकमेकांना छेदणारे दोन बाण असतात. अमेरिकेतून अन्सोनिया आणि सेथ थॉमस आले, तर जपानहून हात्तोरी किंतारो यांच्या १८९२ मध्ये सुरू झालेल्या सेइकोशा कारखान्याची घड्याळे आली.

तबकडीवर मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या दुकानाचे नाव असणे ही शंकेची बाब मानू नये. वेस्ट एंड वॉच कंपनी, फाव्र-लुबा, कुक अँड केल्व्ही यांच्यासारख्या पेढ्या परदेशी घड्याळांवर आपले नाव घालून विकत असत. तबकडीवरचे नाव विकणाऱ्याचे आणि मशीनवरचे नाव बनवणाऱ्याचे, अशी दोन नावे एकाच घड्याळावर सुखाने नांदू शकतात.

विक्रेत्याकडे सर्वांत आधी कोणते छायाचित्र मागावे?

तबकडी उतरवल्यानंतरच्या मशीनचे, आणि त्यातही मागच्या पितळी पट्टीचे. माझ्या मते या एका छायाचित्रावर दहापैकी आठ व्यवहारांचा निकाल लागतो.

याचे कारण साधे आहे. जुना कारखाना आपली खूण मशीनच्या पट्टीवर ठोकत असे, कारण ते मशीन पुढे घड्याळजीच्या हातात जाणार हे त्याला ठाऊक होते. गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या तबकडीवर पुष्कळदा कारखान्याचे नावच नसे, किंवा असले तरी लहानशा खुणेपुरते असे. नक्कल करणारा याच्या नेमके उलट करतो. तो तबकडीवर ‘गुस्टाव बेकर, जर्मनी’ असे ठळक अक्षरांत छापतो आणि आतली पट्टी कोरी सोडतो, कारण ती कोणी उघडून पाहणार नाही असा त्याचा हिशेब असतो. म्हणून बाहेर नाव जितके मोठे, तितका आत पाहण्याचा आग्रह जास्त धरावा.

छायाचित्र मागितल्यावर ‘मशीन उघडता येत नाही’ असे उत्तर आले, तर ते मान्य करू नये. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे आणि तबकडी घड्याळजी काही मिनिटांत उतरवतो. काही घड्याळांत तर लंबकाच्या दारातून मोबाइल आत धरला तरी पट्टीचा बराच भाग टिपता येतो.

पट्टीवरच्या क्रमांकावरून साल कळते का?

काही कारखान्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी कळते. गुस्टाव बेकरच्या फ्रायबुर्ग कारखान्याचे क्रमांक ओळीने वाढत गेले: १८७५ च्या सुमारास एक लाख, १८८५ च्या सुमारास पाच लाख आणि १८९२ मध्ये दहा लाख. त्यामुळे विक्रेता ‘१८६० चे घड्याळ’ म्हणत असेल आणि पट्टीवर सात आकडी क्रमांक असेल, तर मशीन खरे असूनही दावा खोटा ठरतो. मात्र याच कंपनीच्या ब्राउनाऊ येथील शाखेची क्रमांकमाला वेगळी होती, म्हणून केवळ आकड्यावरून वाद घालू नये.

सेथ थॉमसची पद्धत गमतीची आहे. १८८० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षे त्यांनी पेटीच्या तळाशी किंवा पाठीवर साल उलट्या क्रमाने छापले आणि पुढे महिन्याचे अक्षर दिले. तेथे ‘२९८१ डी’ असे असेल तर ते घड्याळ १८९२ च्या एप्रिलमधले. हा आकडा अनुक्रमांक समजून ‘दुर्मिळ क्रमांक’ अशी जाहिरात करणारे विक्रेतेही असतात. युंगहान्सच्या काही मशीनवर ‘बी १३’ सारखी खूण असते. तिचा अर्थ १९१३ चा उत्तरार्ध, आणि ‘ए’ असेल तर पूर्वार्ध.

देशाच्या नावावरूनही काळाची मर्यादा ठरते. ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का सर्वत्र दिसू लागला. ‘वेस्ट जर्मनी’ असे लिहिलेले घड्याळ १९४९ च्या आधीचे असूच शकत नाही, आणि तरीही ते ‘पहिल्या महायुद्धाच्या काळातले’ म्हणून विकायला ठेवलेले मी पाहिले आहे.

लंबकावर ‘आर’ आणि ‘ए’ ही अक्षरे आहेत. ही कोणती कंपनी?

कोणतीच नाही. मंद आणि जलद या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. लंबकाखालची चकती कोणत्या बाजूला फिरवली असता घड्याळ मागे पडेल आणि कोणत्या बाजूला फिरवली असता पुढे जाईल, हे त्यांवरून समजते. ‘आरए कंपनीचे दुर्मिळ घड्याळ’ असे वर्णन करणारा विक्रेता लबाड असेलच असे नाही, पण त्याला घड्याळातले काही कळत नाही हे नक्की.

रेल्वे स्थानकावरचे घड्याळ म्हणून विकले जाते ते खरे असते का?

या प्रकारात सर्वांत जास्त बनवाबनवी चालते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

दोन्ही बाजूंनी तबकडी असलेले, भिंतीतून बाहेर येणाऱ्या नक्षीदार कंसावर बसवलेले धातूचे घड्याळ सर्वांनी पाहिलेले असते. त्यावर ‘व्हिक्टोरिया स्टेशन, लंडन, १७४७’ अशा धर्तीचा मजकूर असतो. लंडनचे व्हिक्टोरिया स्थानक १८६० मध्ये सुरू झाले, आणि वाफेच्या इंजिनाने प्रवासी नेणारी पहिली सार्वजनिक रेल्वे इंग्लंडमध्ये १८२५ मध्ये धावली. १७४७ मध्ये तर राणी व्हिक्टोरियाचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. हे घड्याळ सजावटीचे आहे, त्यात सेलवर चालणारे मशीन आहे आणि दिवाणखान्यात ते शोभूनही दिसते. फक्त ते पुरातन नाही.

आपल्याकडच्या रेल्वेच्या नावाने होणारी नक्कल जरा हुशारीने केलेली असते. एखादे साधे जुने मशीन घेतात, त्यावर नवी तबकडी चढवतात आणि तीवर रेल्वेचे नाव छापतात. अशा वेळी इतिहासातल्या तारखा कामी येतात. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातल्या ‘जीआयपी’ची. या कंपनीच्या जागी मध्य रेल्वे आली ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे पश्चिम रेल्वेत गेली तीही त्याच दिवशी. तेव्हा तबकडीवर ‘सेंट्रल रेल्वे’ असेल आणि विक्रेता ‘१९१० चे’ म्हणत असेल, तर दोहोंपैकी एक तरी खोटे आहे. तबकडीवर ‘मुंबई’ असे इंग्रजी अक्षरांत लिहून वर ‘ब्रिटिशकालीन’ म्हणणाऱ्यांना तर दादच द्यायला हवी, कारण इंग्रजीतले ‘बॉम्बे’ हे अधिकृत नाव १९९५ मध्ये बदलले.

‘जीआयपी’ असे बरोबर लिहिलेले असले तरी घड्याळ खरे ठरत नाही. अक्षरे आज कोणीही छापू शकतो. अशा घड्याळाच्या पेटीवर, मशीनवर आणि तबकडीवर झालेली झीज एकमेकांशी जुळते का, ते पाहावे लागते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक ‘स्थानकाचे घड्याळ’ ऑनलाइन घेतले होते. घरी आणून तबकडी उतरवली, तेव्हा पेटीच्या फळीवर दुसऱ्याच आकाराच्या मशीनच्या स्क्रूंची चार रिकामी भोके दिसली आणि आत बसवलेल्या मशीनभोवतीचे लाकूड ताजे तासलेले होते. पेटी जुनी होती, मशीनही जुने होते, पण दोघांची भेट नुकतीच झालेली होती.

एकाची पेटी आणि दुसऱ्याचे मशीन असेल तर ते नकली म्हणावे का?

नकली म्हणण्यापेक्षा ‘जोडलेले’ म्हणणे योग्य. जुन्या काळीही मशीन बिघडले की घड्याळजी दुसरे मशीन बसवून देत, आणि अशी दुरुस्ती प्रामाणिक असे. परंतु जोडलेल्या घड्याळाची किंमत मूळ जोडीच्या घड्याळाएवढी असू शकत नाही. रिकामी भोके, तबकडीच्या चावीच्या छिद्रांशी न जुळणारी मशीनची टोके, पेटीच्या तळाला टेकणारा किंवा खिडकीच्या अगदी वरच राहणारा लंबक, या अशा जोडणीच्या खुणा होत.

घड्याळ यांत्रिक आहे की सेलवर चालणारे, हे केवळ व्हिडिओवरून ओळखता येते का?

येते, आणि त्यासाठी फक्त एक मिनिट आणि बोटांवर मोजण्याची सवय लागते. लंबकाचा वेग त्याच्या लांबीवर ठरतो, हा निसर्गाचा नियम आहे. टांगण्याच्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे २५ सेंटीमीटर असेल तर मिनिटाला १२० च्या आसपास टिकटिक होते, ३५ सेंटीमीटर असेल तर सुमारे १००, आणि साधारण ९९ सेंटीमीटर असेल तर बरोबर ६०. सेलच्या घड्याळातला लंबक निव्वळ शोभेचा असतो; त्याला वेगळे विद्युतचुंबक झुलवते आणि त्याची वेळेशी काहीच गाठ नसते. त्यामुळे हातभर लांब दिसणारा लंबक भराभर हलत असेल, किंवा काटे थांबलेले असतानाही तो निवांत झुलत असेल, तर आत काय आहे हे उघड आहे.

सेकंद-काटा न अडखळता सरकतो का, ठोके खऱ्या तारेच्या गुंडाळीवर पडतात की लहान स्पीकरमधून वाजतात, हेही डोळ्यांना आणि कानांना समजते. हातोडी पडल्यावर तारेचा नाद हळूहळू विरत जातो. स्पीकरमधला आवाज मध्येच कापल्यासारखा संपतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पाच वाजता तीन ठोके पडले म्हणून घड्याळ नकली किंवा बिघडलेले ठरत नाही. अनेक जुन्या मशीनमध्ये ठोक्यांचे मोजणीचे चक्र काट्यांपासून स्वतंत्र असते, आणि काटे घाईने फिरवले की दोघांची चुकामूक होते. ती पाच मिनिटांत नीट करता येते.

चावीची छिद्रे किती असावीत?

एक छिद्र म्हणजे फक्त वेळ, दोन म्हणजे वेळ आणि ठोके, तीन म्हणजे पाव तासाच्या सुरांसह. नकली तबकडीवर दोन छिद्रे नुसती रंगवलेली किंवा मागे काहीच नसलेली आढळतात. विक्रेत्याकडून प्रत्यक्ष चावी देतानाचा व्हिडिओ मागवावा आणि त्यात कमान (म्हणजे आतली स्प्रिंग) आवळल्याचा कटकट असा आवाज ऐकू येतो का, ते पाहावे.

तबकडीवर ‘३१ डे’ असे लिहिलेले आहे. हे घड्याळ किती जुने?

एकदा चावी दिली की महिनाभर चालणारे, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. नेमके ‘३१’ असे लिहिलेली बहुतेक घड्याळे १९७० च्या आसपास आणि त्यानंतर कोरिया व चीनमध्ये बनली. ती यांत्रिक असतात, त्यांची पेटीही जुन्या वळणाची असते, आणि म्हणूनच ‘शंभर वर्षांचे’ हा दावा त्यांच्या बाबतीत सहज खपून जातो. त्यांची कमान फार ताकदीची असते, त्यामुळे ती घरी उघडण्याचा प्रयत्न करू नये. हाताला गंभीर इजा होऊ शकते.

लाकूड, पितळ आणि तबकडी यांवर कृत्रिम जुनेपणा कसा आणतात आणि तो कसा ओळखावा?

जुनेपणा आणणाऱ्याला वस्तू सर्वत्र सारखी जुनी करायची सवय असते, आणि नेमकी तीच त्याला पकडून देते. खरे घड्याळ जिथे हात लागतो तिथे झिजते: दाराच्या कडीपाशी, चावीच्या छिद्रांभोवती, पेटीच्या खालच्या कडेला. आत, जिथे उजेड आणि हात दोन्ही पोहोचत नाहीत, तिथे लाकूड कोरडे, धुळकट, काळसर तपकिरी असते आणि त्यावर पॉलिश नसते. नकली पेटीत बाहेरचा गडद रंग आतही ओघळलेला दिसतो, किंवा आतली फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेली, निघते. एमडीएफ हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले द्रव्य आहे, आणि त्याला कोणतेही पॉलिश आजोबा करू शकत नाही.

वाळवी-भुंग्याची भोकेही ड्रिलने पाडली जातात. खऱ्या किडीची वाट वाकडीतिकडी असते, त्यामुळे बारीक तार आत घातली तर ती थोड्याच अंतरावर अडते. ड्रिलच्या भोकात ती सरळ जाते. अधिक चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, म्हणून १८९० च्या घड्याळात ते मूळचे असू शकत नाहीत. अर्थात मधल्या काळात एखाद्या घड्याळजीने एक-दोन स्क्रू बदललेले असू शकतात, तेव्हा एका स्क्रूवरून घड्याळ फेकून देऊ नये. सगळेच स्क्रू तसे असतील तर मात्र विचार करावा.

पितळ म्हणून विकलेल्या भागाला लोहचुंबक चिकटला तर ते पितळेचा मुलामा दिलेले लोखंड आहे. मीनाकारीच्या तबकडीवरचे केसासारखे तडे भिंगातून पाहावेत: खरा तडा पृष्ठभागात खोल जातो आणि त्यात मळ साचलेला असतो; छापलेला तडा सपाट असतो. पेटीच्या आत चिकटवलेला कारखान्याचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतात, पण भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की आधुनिक छपाई उघडी पडते.

चार हा आकडा रोमन अंकांत चार उभ्या रेघांनी लिहिलेला असणे हा अस्सलपणाचा पुरावा मानला जातो. तसा तो नाही; जुन्या घड्याळांत ही पद्धत जास्त आढळते हे खरे, परंतु नक्कल करणाऱ्यांनाही ते चांगले ठाऊक आहे.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन घेणे अधिक सुरक्षित आहे का?

तिथेही नक्कल असते, पण घड्याळ हातात घेता येते, दार उघडता येते, वास घेता येतो आणि लोहचुंबक लावता येतो. नवखा असाल तर सोबत ओळखीचा घड्याळजी न्यावा.

घड्याळ मागवायचे ठरले, तर पाठवणी करताना काय सांगावे?

लंबक आणि वजने वेगळी काढून स्वतंत्र गुंडाळायला सांगावे. लंबक लटकता ठेवून पाठवले तर त्याला टांगणारी पातळ पट्टी हमखास तुटते आणि मग ‘वाटेत मोडले’ की ‘आधीच मोडलेले होते’ हा वाद सुरू होतो. पार्सल उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून अखंड व्हिडिओ काढावा. व्यवहारापूर्वी ‘हे घड्याळ अमुक कारखान्याचे, अंदाजे अमुक सालचे, मशीन मूळचे आहे’ असे विक्रेत्याकडून लेखी संदेशात घ्यावे. पुढे तक्रार करायची झाली तर हा संदेशच मुख्य पुरावा असतो.

फसवणूक झाली तर कोठे दाद मागावी?

प्रथम ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. तेथे काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा दाखल करता येतो; विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. समाजमाध्यमावरील एखाद्या अनोळखी व्यक्तीला आगाऊ पैसे पाठवले असतील तर मार्ग बराच अवघड होतो, म्हणून अशा व्यवहारात वस्तू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परदेशी राहणाऱ्या मुलाला आजोबांचे घड्याळ पाठवायचे आहे. काही अडचण येईल का?

येऊ शकते. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूही येतात, आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून घड्याळ विमानतळावर नेण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही वस्तू पुरावशेष नाही’ असा दाखला घ्यावा. नकली घड्याळ ‘दीडशे वर्षांचे’ म्हणून विकत घेतलेल्यांची येथे मोठी गंमत होते: विक्रेत्याने दिलेले अस्सलपणाचे प्रमाणपत्र सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवले, तर तेच प्रमाणपत्र घड्याळ अडवून ठेवण्याचे कारण होऊ शकते.